शिराळ्याची गोरखचिंच

सांगली जिल्ह्यात राहून आफ्रिकेतले झाड बघायचे असेल, तर आष्ट्याहून फार लांब जावे लागत नाही. इस्लामपूर, म्हणजे आताचे ईश्वरपूर, तिथून पेठ नाका. पुणे-बंगळूर महामार्ग ओलांडायचा आणि पश्चिमेकडे शिराळ्याचा रस्ता धरायचा. सगळे मिळून चाळीसेक किलोमीटर. शिराळ्यात गोरक्षनाथांचे मंदिर आणि मठ आहे आणि तिथे गोरखचिंच आहे. वनस्पतिशास्त्रातले तिचे नाव ॲडन्सोनिया डिजिटाटा, जगभर ओळख बाओबाब या नावाने. आमच्या भागातल्या माणसाला शिराळा माहीत असतो तो नागपंचमीमुळे, नाहीतर समर्थांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक तिथे आहे म्हणून. झाडासाठी शिराळ्याला जाणारे फार थोडे. त्यांची संख्या वाढावी, म्हणून हे लिहितो आहे.

आम्ही फाल्गुनात निघालो. बरोबर भाची होती. ती वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी, आणि या झाडाची ओढ मुळात तिची. महिना तिनेच ठरवला होता. पाने नसतात आणि फळे लोंबत असतात तेव्हाच हे झाड नीट कळते, असे तिचे म्हणणे. आष्ट्याच्या स्टँडवर सकाळची एसटी मिळाली. कारखान्यांचा हंगाम सरत आलेला, तरी उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या रस्त्यावर होत्याच. मधल्या शिवारात कुठे कुठे हळद शिजत होती आणि तिचा उग्र, मातकट वास खिडकीतून आत येत होता. हा रस्ता रुंद होत गेला तशी कडेची जुनी झाडे कमी होत गेली. आता उसाच्या पलीकडे एखादाच वड दिसतो.

पेठ नाक्यानंतर मुलूख बदलतो. ऊस असतोच, पण मध्ये मध्ये भाताची कापलेली खाचरे दिसू लागतात, जमिनीला चढउतार येतो आणि समोर सह्याद्रीचे फाटे दिसायला लागतात. शिराळा मोरणेच्या काठी वसले आहे. ही मोरणा पुढे वारणेला मिळते. गाव जुने आहे, छोटासा भुईकोट आहे, बाजारपेठ नांदती आहे. गावात चहा घेऊन आम्ही थेट मठाची वाट धरली.

झाड दिसले तेव्हा त्यावर एकही पान नव्हते. आजूबाजूची आंबा-चिंचेची झाडे हिरवीगार, आणि मध्ये हा राखाडी, उघडा, अवाढव्य बुंधा. आपल्याकडच्या मोठ्या झाडांचा एक ठरलेला तोल असतो. खोड जाड असेल तर फांद्याही तशाच लांब, पसरलेल्या. वड घ्या, पिंपळ घ्या, चिंच घ्या. इथे तो तोलच नाही. सगळे वजन बुंध्यात, आणि वर गेल्यावर फांद्या एकाएकी बारीक होऊन आखडलेल्या. आफ्रिकेत अनेक ठिकाणी सांगतात की देवाने रागावून हे झाड उपटले आणि उलटे रोवले, म्हणून मुळे आभाळात राहिली. फाल्गुनातल्या उन्हात त्या फांद्यांकडे मान वर करून बघताना ती गोष्ट कोणाला का सुचली असेल, ते कळते.

मठात सेवा करणारे एक म्हातारे बाबा आमच्याकडे बघत होते. झाड वाळले आहे का, असे मी विचारायच्या आतच ते म्हणाले, “वाळलं न्हाई हो पावनं. पानं झडत्यात, दर सालचं हाय. वळीव पडू द्या, मग या.” आणि मग, “लांबनं काय बघताय? जवळ जावा की. हात लावा, काय करत न्हाई.”

हात लावला. साल खरखरीत असेल असे वाटले होते; ती गुळगुळीत निघाली. रंग दुरून राखाडी, जवळून त्यात तांबूस, किंचित जांभळट झाक. बुंध्यावर आडव्या वळ्या पडलेल्या, जणू आतला ऐवज स्वतःच्याच वजनाने खाली बसला आहे. मुठीने हलके वाजवले तर लाकडाचा टणत्कार येत नाही, दबका आवाज येतो. वळ्यांमध्ये जुने व्रण आहेत, कोणी साल काढली असेल, कोणी खिळा ठोकला असेल, पण त्यांच्या कडा आत वळून भरून आलेल्या. साल गोलाकार सोलून काढली तर बहुतेक झाडे मरतात. बाओबाब मरत नाही, नवी साल धरतो. आफ्रिकेत शेकडो वर्षे लोक त्याची साल काढून तिच्या तंतूंचे दोर, टोपल्या, चटया करत आले आहेत आणि झाडे जिवंत आहेत.

एका ठिकाणी कोणीतरी चाकूने नाव कोरले होते. हे बघून वाईट वाटले, पण त्याच ओरखड्यात भाचीने मला एक गोष्ट दाखवली. वरचा राखाडी पापुद्रा निघाला होता, तिथे खाली हिरवा थर दिसत होता. “मामा, हे बघ. पानं नसतात तेव्हा झाड या सालीतूनच थोडं अन्न तयार करतं.” वर्षातले कितीतरी महिने हे झाड निष्पर्ण उभे असते, त्या दिवसांत हा पातळ हिरवा थर त्याच्या कामी येतो. पुढच्या माणसाने नाव कोरायला चाकू काढला, तर तो काय कापतो आहे हे त्याला कोणीतरी सांगायला हवे.

बुंध्याच्या आत जे आहे त्याला लाकूड म्हणणे अवघड आहे. सागवान किंवा बाभळीच्या अर्थाने ते लाकूड नव्हेच. मऊ, तंतुमय, भिजलेला गाभा. ओल्या वजनाचा तीन चतुर्थांश भाग नुसते पाणी. त्यामुळे त्याची फळी होत नाही, चांगले सरपणही होत नाही. कुऱ्हाडीपासून ही झाडे शतकानुशतके वाचली त्याचे हेही एक कारण असणार. इतके पाणी दुष्काळात पिण्यासाठी साठवलेले असते अशी सर्वसाधारण समजूत आहे. मादागास्करमधल्या बाओबाबांवर झालेल्या अभ्यासात मात्र वेगळे दिसले. कोरड्या दिवसांत झाड हे पाणी फारसे खर्च करत नाही, पाने टाकून स्वस्थ राहते. पाऊस येण्याच्या थोडे आधी नवी पालवी फोडायला ते साठवलेले पाणी वापरते. शिवाय एवढ्या मऊ गाभ्याचे झाड ताठ उभे राहते तेही आतल्या पाण्याच्या दाबावर. पाणी कमी झाले की बुंध्याचा घेर थोडा आक्रसतो, पावसाळ्यात पुन्हा भरतो.

अशा झाडाचे वय सांगणे सोपे नसते. जिथे गोरखचिंच आहे तिथे हजार वर्षे, दोन हजार वर्षे असे आकडे ऐकू येतात आणि बुंधा बघितल्यावर ते पटतातही. पण या झाडाची वर्षवलये पुसट असतात, काही वर्षी उमटतच नाहीत, जुन्या झाडात तर मध्ये पोकळीच असते. घेरावरूनही वय काढता येत नाही. एड्रियन पॅट्रुट या रुमानियन संशोधकाने रेडिओकार्बन पद्धतीने आफ्रिकेतल्या मोठमोठ्या बाओबाबांचे नमुने तपासले, तेव्हा कळले की पुष्कळ महाकाय झाडे म्हणजे एक खोड नसतेच. एकाच मुळावरून कोंब फुटत राहतात, ते वर्तुळात वाढतात आणि कालांतराने एकमेकांत मिसळून एक होतात. मधली पोकळी कुजून झालेली नसते, ती त्या खोडांच्या वेढ्यात पहिल्यापासून राहून गेलेली जागा असते. झिंबाब्वेतला पांके नावाचा बाओबाब सुमारे २,४५० वर्षांचा निघाला. आपल्या देशात प्रयागराजजवळ झुंसीला गंगेच्या काठी जो बाओबाब आहे, त्याचे वय याच पद्धतीने सुमारे पावणेआठशे वर्षे ठरले. आफ्रिकेबाहेर मोजून वय सिद्ध झालेल्या सर्वांत जुन्या बाओबाबांपैकी तो एक आहे. पावणेआठशे वर्षे म्हणजे ज्ञानेश्वरांच्या जन्माच्या आधीपासून. त्याला दोन हजारांचे करण्याची काही गरज नाही.

बाबांनी तोवर झाडाखाली पडलेले एक फळ उचलून आणले. “चिंच न्या, लेकरं खात्यात.” वरती अजून बरीच होती, एकेक लांब देठाला एकटे लटकलेले. हातातले फळ वीतभर लांबीचे, दोन्ही टोकांना निमुळते, अंगावर पिवळट हिरवी मखमली लव. ही लव दिसायला सुंदर, पण कातडीला लागली की खाजवते, म्हणून भाचीने ते फडक्यात धरले आणि पायरीच्या कडेवर आपटले. कवच चांगलेच जाड होते, दुसऱ्या-तिसऱ्या फटक्याला तडकले. आत तांबूस शिरांचे जाळे आणि त्यात अडकलेले पांढरट गराचे खडे. प्रत्येक खड्यात एक गडद तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराचे बी.

या फळाची खरी नवलाई इथेच आहे. पिकलेले फळ म्हटले की आपल्याला रस आठवतो. हे फळ झाडावरच कोरडे होते. महिनोन्महिने उन्हात लटकत असताना आतले पाणी निघून जाते, गर सुकून ठिसूळ होतो आणि बंद कवचात बराच काळ टिकतो. त्याला वाळवावे लागत नाही, शिजवावे लागत नाही. बिया वेगळ्या केल्या की थेट पीठच. एक खडा तोंडात टाकला. बत्ताशासारखा जिभेवर विरघळला, पण चव आंबट, मागून तुरट, आणि लिंबापेक्षा मवाळ. चिंचेचा चिकटपणा त्यात नाही. दुपारी आम्ही तो गर पाण्यात कोळला, बिया गाळल्या आणि शिराळ्याच्या बाजारातून घेतलेला गूळ घातला. दुधट रंगाचे, दाटसर सरबत झाले. उन्हातून आलेल्या माणसाला याहून चांगले काही देता येणार नाही, असे मी मनापासून सांगतो.

आफ्रिकेत हे फळ म्हणजे रोजच्या जेवणातली वस्तू आहे. सेनेगलमध्ये त्याचे सरबत ‘बुये’ नावाने घरोघर आणि हॉटेलांत मिळते. उत्तर नायजेरियातले हौसा लोक बाओबाबची कोवळी पाने वाळवून त्यांची पूड करतात आणि तिचे दाट कालवण करतात. आपल्याकडे शेवग्याचा पाला जसा, तशी ती गरिबाच्या घरातली हक्काची भाजी. टांझानिया आणि केनियाच्या किनाऱ्यावर गराचे खडे साखरेच्या लाल पाकात घोळवून ‘उबुयू’ करतात. माझा एक मावसभाऊ नोकरीनिमित्त काही वर्षे दार-ए-सलामला होता. तो सुट्टीवर येताना या लाल खड्यांची पुडी आणायचा आणि खाल्ल्यावर आम्हा सगळ्यांच्या जिभा लाल व्हायच्या. तेच फळ आपल्या शेजारच्या तालुक्यात लटकते आहे, हे तेव्हा घरात कोणाच्या ध्यानात आले नव्हते. गरात क जीवनसत्त्व संत्र्याच्या कित्येक पट असते, कॅल्शियमही भरपूर. युरोपीय संघाने २००८ मध्ये हा गर खाद्यपदार्थ म्हणून विकायला परवानगी दिली आणि तेव्हापासून तिकडच्या दुकानांत त्याची पूड महागड्या डब्यांतून मिळते. गुजरातच्या किनाऱ्यावर कोळी लोकांनी त्याचा निराळाच उपयोग शोधला होता. वाळकी फळे हलकी आणि कवच पाणी आत न येऊ देणारे, म्हणून ती जाळ्यांना तरंड म्हणून बांधत.

मग हे झाड शिराळ्यात आले कसे? बाओबाबच्या आठ जाती आहेत: सहा फक्त मादागास्करमध्ये, एक वायव्य ऑस्ट्रेलियात, आणि एक आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर. आपल्याकडची ती ही आफ्रिकेतली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातल्या बाओबाबांची जनुके आफ्रिकेतल्या झाडांशी ताडून पाहिली गेली. निष्कर्ष असा की ही झाडे इथे माणसांबरोबर आली, आणि एकदाच नव्हे तर वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या बंदरांतून. अरबी समुद्राचा व्यापार, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून येणारी गलबते, पुढे पोर्तुगीज. आणि या सगळ्यांबरोबर आलेली हबशी माणसे. नकाशावर खुणा केल्या तर हे पटते. वसईच्या किल्ल्याच्या परिसरात गोरखचिंचा आहेत. आदिलशाहीच्या विजापुरात आहेत. गोवळकोंड्याच्या नव्या किल्ल्यात ‘हत्तियान’ नावाचे अजस्र झाड आहे, त्याचा घेर सत्तावीस मीटरच्या वर भरतो. माळव्यात मांडूला तर इतक्या आहेत की त्यांची फळे ‘मांडूची इमली’ म्हणून पर्यटकांना विकली जातात. जिथे बंदर, सुलतानी किंवा लष्करी ठाणे होते, अशा कितीतरी ठिकाणी हे झाड आहे.

दख्खनच्या इतिहासात हबशी माणसे काही पाहुणी नव्हती. निजामशाही सावरून धरणारा मलिक अंबर हा हबशीच. विजापूरच्या दरबारात इखलास खानासारखे हबशी सरदार वजिरीपर्यंत पोचले. जंजिऱ्याचे सिद्दी तर आपल्या शाळेच्या पुस्तकात आहेत. वारणेचे खोरे बराच काळ आदिलशाहीच्या अमलाखाली होते आणि कोकणातून घाटावर येणाऱ्या वाटा इथून जवळ. एखादे कडक कवचाचे, न नासणारे, आंबट फळ माणसांच्या गाठोड्यातून किती लांब जाऊ शकते, हे आम्ही ते फोडताना पाहिलेच होते.

दुसरी वाट मला त्याहून महत्त्वाची वाटते, ती म्हणजे नाथपंथीयांची. नाथ जोगी हे सतत चालणारे लोक. आजही दर बारा वर्षांनी त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थानंतर त्यांची झुंडी पायी निघते ती थेट मंगळूरजवळच्या कदरीपर्यंत जाते. शिराळ्यात गोरक्षनाथांनी वास केला, नागपंचमीला मातीच्या नागाची पूजा करणाऱ्या एका घरातल्या बाईसमोर जिवंत नाग उभा केला आणि तेव्हापासून इथली नागपूजा सुरू झाली, अशी कथा गावात लहान मुलेही सांगतात. आणि याच झाडाखाली बसून त्यांनी शिष्यांना उपदेश केला, असे मठात सांगतात. जोग्याला झोळीत वागवायला हे फळ किती सोयीचे: वजनाला हलके, खायला तयार, आणि रिकामे कवच भांडे म्हणून कामाचे. झाड समुद्रावरून आले ते व्यापाऱ्यांबरोबर, पण बंदरापासून आत, देशावरच्या मठा-मंदिरांपर्यंत ते नाथ जोग्यांनी आणि फकिरांनी पोचवले असावे, असा माझा तर्क आहे. नाथांचे नाव त्याला मराठी मुलखात उगीच मिळालेले नाही. उत्तर प्रदेशात किंतूरला याच झाडाला कुंतीचा पारिजात म्हणून पुजतात, कर्नाटकात सावनूरला त्याचा संबंध श्रीकृष्णाशी लावतात. परदेशातून आलेल्या एका झाडाला आपल्या लोकांनी कुठेही परके ठेवले नाही, ज्याच्या त्याच्या देवाच्या पदरात घातले. त्याच्या रक्षणाची याहून चांगली व्यवस्था कोणत्याही खात्याला करता आली नसती.

फूल बघायला आम्ही आषाढात पुन्हा गेलो. आता ते झाड ओळखू येत नव्हते. सगळा माथा हिरवागार, एका देठावर पाच ते सात पर्णिका, काटेसावरीच्या पानांची आठवण देणाऱ्या. ते साहजिक आहे, कारण दोघे एकाच कुळातले. कापूस, भेंडी, अंबाडी, जास्वंद हीही त्याच गोतावळ्यातली. फांद्यांवरून लांबलचक देठांना गोल, हिरव्या कळ्या लोंबत होत्या. पाऊस थांबून थांबून पडत होता. बाबा म्हणाले, “दिवस मावळू द्या, मग उमलतंय.”

दिवस मावळताना आम्ही एका खालच्या फांदीवरच्या कळीवर नजर लावून बसलो. कळीचे जाड आवरण आधी टोकाला फाटले, मग पाकळ्या सुटू लागल्या, आणि त्या सुटताना डोळ्यांना दिसत होत्या. फूल उमलताना हलते हे मी पहिल्यांदाच बघत होतो. पाच मोठ्या, पांढऱ्या, चुरगळलेल्या पाकळ्या मागे वळल्या आणि त्यातून पुंकेसरांचा भरगच्च गोंडा खाली लटकला. एका फुलात हजाराच्या आसपास पुंकेसर असतात. सगळे फूल तळहाताहून मोठे, तोंड जमिनीकडे. वास सुरुवातीला गोडसर होता. जरा वेळाने त्यात एक कुबट, आंबलेला दर्प मिसळला. माणसाला तो आवडणार नाही, पण बोलावणे माणसाला नाहीच. अंधार पडला तशी वटवाघळे आली. एक थेट गोंड्याला लटकले, तोंड आत खुपसले आणि क्षणात उडाले. आफ्रिकेतही बऱ्याच भागांत हेच काम फळे खाणारी वटवाघळे करतात. म्हणजे झाड समुद्र ओलांडून आले आणि त्याला इथे त्याच जातकुळीचे पाहुणे मिळाले. सकाळपर्यंत ही फुले मलूल होतात, पाकळ्या तपकिरी पडतात आणि दिवसभरात गळून जातात. भाचीने खाली पडलेले एक फूल वहीत दाबायला घेतले, पण ते इतके मांसल असते की कागदच भिजून गेला.

आता काळजीची गोष्ट. २०१८ मध्ये पॅट्रुट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केले की आफ्रिकेतल्या सर्वांत जुन्या तेरा बाओबाबांपैकी नऊ झाडे २००५ नंतरच्या काळात एकतर पूर्ण मेली किंवा त्यांचे सर्वांत जुने भाग कोसळले. बदलते हवामान हे कारण असावे, असा त्यांचा कयास आहे. पांके बाओबाब त्यातच गेला. आपल्याकडे मरण्याची कारणे जास्त साधी आहेत. मुंबईत सांताक्रूझला रस्त्याकडेचा एक जुना बाओबाब २०२४ मध्ये मेट्रोच्या कामासाठी तोडला गेला, आणि तो तोडल्यावर लोकांना कळले की तो कोण होता. मांडूमधून मोठी झाडे उपटून हैदराबादला नेण्याचा प्रकार उघडकीस आला, तेव्हा स्थानिक लोक विरोधात उभे राहिले आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. सावनूरला मठाच्या आवारातल्या तीन प्राचीन झाडांपैकी एक २०२३ च्या पावसाळ्यात उन्मळून पडले. तिथल्या लोकांनी ते तोडून नेऊ दिले नाही. फांद्या छाटून, यंत्रे लावून ते पुन्हा उभे करून रोवले. मला या तिन्ही घटनांत सावनूरची सर्वांत मोलाची वाटते. झाड पडल्यावरही ते आपले आहे असे मानणारी माणसे तिथे होती.

शिराळ्यात बुंध्याभोवती फिरताना भाचीने आणखी एक गोष्ट शोधली, आणि ती मिळाली नाही. रोपे. इतकी फळे पडतात, इतक्या बिया विखुरतात, तरी झाडाखाली एकही पिल्लू नाही. कारण आफ्रिकेत या बिया हत्ती, माकडे यांच्या पोटातून जातात, तिथल्या आम्लाने त्यांचे कडक कवच मऊ होते आणि मग त्या रुजतात. इथे ते काम फारसे कोणी करत नाही. पूर्वी ते माणसाने केले म्हणून ही झाडे दख्खनमध्ये पसरली. आता माणसाने लावणे सोडले आहे. त्यामुळे आपल्याकडे आजा आहे, पण नातू नाही. शे-दोनशे वर्षांनी शिराळ्याची गोरखचिंच गेली, तर तिच्या जागी उभे राहायला कोणीच नसेल.

म्हणून वाचकांना विनंती. तुमच्या गावात, शाळेच्या किंवा देवळाच्या आवारात गोरखचिंच असेल, तर छातीच्या उंचीवर तिचा घेर मोजा, तारीख घालून फोटो काढा आणि ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत लेखी नोंद करा. महाराष्ट्रात २०२१ च्या दुरुस्तीनंतर नागरी हद्दीतले पन्नास वर्षांवरचे झाड ‘हेरिटेज’ वृक्ष ठरते आणि ते तोडायचे झाल्यास जास्त कडक अटी लागू होतात. आष्ट्यासारख्या नगरपरिषदेच्या गावाला हा कायदा वापरता येतो. बुंध्याभोवती सिमेंटचा पार बांधू नका, पाणी साचू देऊ नका, खिळे ठोकू देऊ नका.

आणि बी लावा. फळ फोडून गर खा, सरबत करा, बिया धुऊन ठेवा. ज्येष्ठात प्रत्येक बीची एक कड कानशीने घासा किंवा बियांवर कढत पाणी ओतून त्या एक दिवस तशाच भिजू द्या. मग उंच पिशवीत, अर्धी वाळू अर्धी माती घालून लावा, कारण मूळ लवकर खोल जाते आणि जाड होते. पाणी बेताचे, हिवाळ्यात पाने झडली की जवळजवळ बंद. दुसऱ्या पावसाळ्यात जमिनीत लावताना घरापासून निदान चाळीस फूट अंतर ठेवा आणि दोन-तीन वर्षे गुराढोरांपासून जपा. फुले यायला आठ ते वीस वर्षे लागतील. रोपाची पहिली पाने साधी, एकेरी असतात, पाच पर्णिकांची पाने नंतर येतात. तेव्हा भलतेच काहीतरी उगवले आहे असे समजून ते उपटू नका.